आठवी फेरी

“फोरमन सहाव्या फेरीतच पडला असता,” इस्माईलभाई बोलून गेले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

“असता? असता?” सॅम्युअल भालेराव खुर्चीतून उठलाच. “वहिनी, ऐकलंत ना? इस्माईलभाई ‘असता’ म्हणाले. बाद! आज कप यांनी धुवायचे.”

“अरे, जबान फिसल गयी यार.”

“जबान फिसलू दे. कप नको फिसलायला.”

मी आतूनच ओरडले, “कोणीही धुवा, पण नीट धुवा! गेल्या रविवारी नुसते विसळून पालथे घातले होते. तळाला साखर तशीच.”

देवळाली कॅम्पातलं आमचं घर, पुढे अंगण, अंगणात जांभळाचं झाड आणि झाडाखाली दर रविवारी सकाळी हे तीन म्हातारे. एक आमचे हे, दिनकर साळवे. फौजेत असताना बॉक्सिंग खेळले, निवृत्त झाल्यावर बाजारामागच्या शेडमध्ये पोरांना शिकवायला लागले. अख्खा कॅम्प त्यांना वस्ताद म्हणायचा, म्हणून मीही वस्तादच म्हणायचे. फक्त माझ्या तोंडून ते जरा वेगळं ऐकू यायचं. दुसरा सॅम्युअल, ह्यांच्याच पलटणीतला. दोघांनी एकमेकांची नाकं फोडली आणि मग जन्माची दोस्ती केली. तिसरे इस्माईलभाई, शिंपी. त्यांनी आयुष्यात ग्लोव्हज् चढवले नाहीत, पण शेडमधले फाटलेले ग्लोव्हज् शिवून देता देता त्यांना बॉक्सिंगचं वेड लागलं.

ह्यांचा खेळ काय, तर लढती लावायच्या. जगातले जुने, नावाजलेले हेवीवेट बॉक्सर घ्यायचे, जे कधी एकमेकांसमोर आलेच नाहीत. जो लुईसनं ग्लोव्हज् खुंटीला लावले तेव्हा जॉर्ज फोरमन पुरता तीन वर्षांचाही नव्हता. पण आमच्या जांभळाखाली दोघं ऐन भरात समोरासमोर उभे. एकानं लुईस घ्यायचा, एकानं फोरमन, तिसऱ्यानं पंच व्हायचं. नियम एकच. ‘जर-तर’ नाही, ‘मला वाटतं’ नाही. डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायचं. कुठल्या फेरीत कोणी काय हाणलं, कोणाची भुवई फुटली, कोपऱ्यात कोण काय बोललं. अडखळला तो हरला, आणि हरला त्यानं कप धुवायचे.

मला आधी वैताग यायचा. मेल्यांना उद्योग नाहीत, म्हणायचे. पण चहा गाळता गाळता कान थोडेच बंद ठेवता येतात? मला माझ्या चुलत सासऱ्यांची नावं सांगता येत नाहीत, पण मार्सियानो एकदाही हरला नाही, लिस्टनचा डावा लांब होता, आणि अलीनं आफ्रिकेत फोरमनला दोरीला टेकून टेकून दमवला आणि आठव्या फेरीत झोपवला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

तर त्या रविवारी इस्माईलभाई पंच होते आणि पंच असूनच बाद झाले. लढत मात्र चालू राहिली. वस्तादांचा लुईस, सॅम्युअलचा फोरमन.

“चौथ्यात माझ्या जॉर्जनं उजवा घातला तो सरळ बरगडीत,” सॅम्युअल म्हणाला. “तुझा जो कोपऱ्यात आला तो वाकूनच.”

“आला. मी त्याला स्टुलावर बसवला,” वस्ताद म्हणाले. “म्हटलं, जो, दोरीला टेक. मारू दे त्याला. त्याचे हात जड होऊ दे. आठव्यात तो पडतो.”

“ए, ए, हे तर अलीचं!”

“अलीनं आमचंच उचललं.”

इस्माईलभाईंनी मांडीवर थाप मारली. “वा वस्ताद! क्या बात है!”

“पण पंचानं सहाव्यातच थांबवली ना लढत,” सॅम्युअल म्हणाला. “जोला दिसत नव्हतं. डोळा पूर्ण मिटला होता.”

“कोण म्हणतं थांबवली?”

“मी म्हणतो. मी पाहिलं.”

“काय पाहिलंस तू!” वस्ताद ताडकन उठले. कप लवंडला, चहा सॅम्युअलच्या पायावर गेला. “मी कोपऱ्यात होतो! मी! माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तू कुठं होतास?”

मी दारात आले. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मग सॅम्युअलनं टाळ्याच वाजवल्या. “हरलो बाबा! ह्याला म्हणतात लढत लावणं. वहिनी, गेल्या वर्षभरात दिन्या काय रंगवून सांगायला लागलाय! आम्ही नुसतं बोलतो, हा तिथं जाऊन येतो.”

सगळे हसले. मीही हसले. ह्यांनीही मग हसून खुर्ची सरळ केली. पण त्या दिवशी कप कोणी धुतले ते काही मला आठवत नाही.

त्या आठवड्यात माझं डोकं दुसरीकडेच होतं. आमची मृदुला जिल्ह्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली होती. नाव मी ठेवलं मृदुला, आणि पोरगी निघाली ठोसे मारणारी! मुलींचं बॉक्सिंग तेव्हा नवंनवं होतं. माझ्या बहिणीनं तर तोंडावर विचारलं होतं, “हिचं नाक मोडलं तर स्थळ कोण आणणार?” मी तिला म्हटलं, “तुझं नाक शाबूत होतं, तरी आणलं काय स्थळ ते बघतेच आहे.” बाहेर असं बोलायचे, पण आत जीव टांगणीला. समोरची मुलगी खानदेशातली, उंचीपुरी. आदल्या फेरीत तिनं एका पोरीला असा उजवा घातला की ती पोर शुद्ध हरपून पडली, दवाखान्यात नेली तेव्हा कुठे डोळे उघडले. हे मला इस्माईलभाईंच्या सुनेनं सांगितलं आणि माझं अन्न गोड लागेना.

मी रात्रीच्या जेवणालाच विषय काढला. “मृदू खेळणार नाही.”

“आई!”

“खेळणार,” वस्ताद शांतपणे म्हणाले.

“मग एक शब्द द्या. हिच्या डोक्यावर हात ठेवून. पोरगी डगमगली की टॉवेल टाकायचा, लढत थांबवायची. जिंकते का हरते, बघायचं नाही.”

ह्यांनी खरंच मृदूच्या डोक्यावर हात ठेवला. “अगं, टॉवेल माझ्याच खांद्यावर असतो. ती डगमगली, की तो रिंगमध्ये पडलाच समज. मी असताना पोरीच्या केसाला धक्का लागेल?”

तो टॉवेल म्हणजे ह्यांच्या शेडमधलं सोवळं होतं. पांढरा, कडेला निळी रेघ. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एका पोरानं चुकून त्याला घाम पुसला, तर त्याला महिनाभर शेड झाडायला लावली. सॅम्युअलसुद्धा कोपऱ्यात ह्यांच्याबरोबर उभा राहायचा, बादली, पाणी, बर्फ बघायचा, पण टॉवेलला शिवायचा नाही. मला एकदा म्हणाला होता, “वहिनी, कधी थांबवायचं हे एकाच माणसानं ठरवायचं असतं. दोघं ठरवायला लागले, की एक दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो आणि तेवढ्यात पोर मार खाऊन जातं.” मला ते पटलं होतं.

रविवारी जांभळाखाली कोणी बसलं नाही. सगळे नाशिकला, हॉलमध्ये. मी हट्टानं कोपऱ्याच्या मागचीच खुर्ची धरली. रिंग उंचावर, तीन पायऱ्या चढून जायचं. ह्यांच्या खांद्यावर टॉवेल बघितला आणि मला जरा बरं वाटलं. सकाळी निघताना ह्यांनी गॅसचा सिलिंडर आला का म्हणून मला तीनदा विचारलं होतं, मी म्हटलं, पोरीचं टेन्शन आलंय, बोलत नाहीत एवढंच.

लढत चार फेऱ्यांची. पहिल्या फेरीत आमची मृदू काय नाचली! ती उंच पोरगी हात फिरवायची आणि मृदू तिथं नसायचीच. इस्माईलभाई माझ्या बाजूला बसून, “शाब्बास बेटा, शाब्बास!” करत होते. फेरी संपली, मृदू स्टुलावर बसली, सॅम्युअलनं पाणी दिलं. वस्ताद काहीच बोलले नाहीत. नुसते समोर बघत होते.

दुसरीही बरी गेली. एक-दोन बसले, पण तिनं चार दिले. मृदू परत आली तेव्हा वस्ताद तिच्या कानाशी वाकले. मला सगळं ऐकू आलं.

“दोरीला टेक. मारू दे.”

“काय?” मृदू धापा टाकत म्हणाली. “बाबा, ती सापडतेय माझ्या हाताला. मी पुढे आहे.”

“दोरीला टेक म्हटलं ना? हात जड होऊ दे.”

मृदूनं मान डोलावली. वस्तादांचा शब्द. त्यांनी आगीत उडी मार म्हटलं असतं, तर तिनं एवढंच विचारलं असतं की डावा पाय पुढे का उजवा.

तिसऱ्या फेरीत ती गेली आणि दोरीला टेकून उभी राहिली.

काय सांगू! ती खानदेशची पोरगी आधी गोंधळली, मग तुटून पडली. पोटात, बरगडीत, डोक्यात. मृदू दोन्ही हात तोंडावर घेऊन नुसती सोसत होती. लोक ओरडायला लागले, “अगं हल! हल तिथून!” एक ठोसा हातांच्या मधून शिरला आणि मृदूचं डोकं असं मागं गेलं की मी खुर्चीतून उठलेच. पंचानं मध्ये पडून आकडे मोजले. ती उभी राहिली, मान हलवली, पंचानं परत सोडली. आणि ही परत दोरीला!

“वस्ताद!” मी खालून ओरडले. “टॉवेल! टॉवेल टाका!”

ते हललेसुद्धा नाहीत.

“सॅम्युअलभावजी, सांगा ना त्यांना!”

सॅम्युअल मागं वळला. त्याच्याही कपाळावर घाम होता. “वहिनी, थांबा जरा. दिन्याला कळतं. काहीतरी डाव असणार त्याचा.”

घंटा झाली. मृदू स्टुलावर कोसळली म्हणा ना. नाकातून रक्त, डाव्या डोळ्यावर सूज, एवढीशी फट राहिली होती. मी पायऱ्यांपाशी गेले. इस्माईलभाई माझा पदर ओढत म्हणत होते, “भाभी, उधर मना है,” पण माझं लक्ष नव्हतं.

“बाबा,” मृदू म्हणाली, “आता काय करू?”

वस्तादांनी किती मायेनं तिचं तोंड पुसलं! दुसऱ्या फडक्यानं, टॉवेलनं नाही. आणि म्हणाले, “दम धर, जो. जॉर्ज दमलाय. त्याचे हात बघ, खाली आलेत. आठव्यात पडतो तो.”

मृदूला ऐकू गेलं नसावं, तिच्या कानात नुसता गोंगाट असणार. पण सॅम्युअलला ऐकू गेलं. त्याच्या हातातली पाण्याची बाटली सुटली आणि गडगडत रिंगच्या कडेवरून खाली पडली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. लढत चार फेऱ्यांची. हा माणूस आठवीची वाट बघतोय. ह्यांच्यासमोर आमची मृदू नाहीच आहे. ह्यांच्यासमोर गेल्या रविवारचा जांभळाखालचा लुईस आहे!

“दिन्या,” सॅम्युअल कसंबसं म्हणाला. “दिन्या, ही मृदू आहे रे.”

“तू तुझ्या कोपऱ्यात जा,” वस्ताद म्हणाले. “जॉर्ज तुझा ना? मग इथं काय करतोस?”

घंटा झाली. मृदू उठली, लटपटत गेली आणि बाबांनी सांगितलं म्हणून दोरीला टेकली.

पहिला ठोसा बसला. दुसरा. सॅम्युअलचा हात टॉवेलकडे गेला आणि मध्येच थांबला. वीस वर्षांत त्यानं त्या टॉवेलला हात लावला नव्हता, तो आताही लागेना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात तसाच अधांतरी.

मी पायऱ्या चढले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून चढले, माझी मलाच लाज वाटली नाही. ह्यांच्या खांद्यावरून टॉवेल ओढला. त्यांनी माझं मनगट धरलं. वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले,

“बाई, तुम्ही कोण? इथं बायकांना परवानगी नाही. खाली उतरा, लागेल तुम्हाला.”

सत्तावीस वर्षांचा संसार आमचा. मी त्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग नव्हता, थट्टा नव्हती. मी पण नव्हते.

मी हात सोडवून घेतला आणि टॉवेल फेकला. पंचाला टॉवेल दिसला, तो कोणी फेकला ते दिसलं नाही. त्यानं मध्ये उडी घेतली, दोन्ही हात वर केले. ती खानदेशची पोरगी उड्या मारायला लागली आणि मृदू दोरीवरून घसरत खाली बसली.

दोन मिनिटांत ती शुद्धीवर होती, आणि शुद्धीवर येताच माझ्यावर धावली. हेडगार्ड काढून फेकलं. “का टाकलास? तू कोण टाकणार? तो बाबांचा टॉवेल आहे! बाबांचा काहीतरी डाव होता, शेवटची फेरी होती, मी टिकले होते! तू सगळं घालवलंस, आई!”

काय सांगायचं? कसं सांगायचं? हॉलभर लोक, लाऊडस्पीकरवर पुढच्या लढतीची नावं पुकारताहेत, आणि माझी पोर रक्ताळल्या तोंडानं मला वाट्टेल ते बोलतेय.

“मृदू,” सॅम्युअल म्हणाला, “बाळा, तू जरा...”

“काका, तुम्ही का नाही अडवलंत हिला?”

इतक्यात वस्ताद खालच्या खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आले. चेहऱ्यावर उत्सुकता, लहान मुलाला असावी तशी. तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे, नाकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“मला मागून दिसलं नाही,” ते म्हणाले. “त्या बाई मध्ये आल्या. जॉर्ज उठला का?”

मृदूनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सॅम्युअलकडे, आणि सॅम्युअलनं मान खाली घातली. पोरीचा सगळा राग तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला अजून बघवत नाही. एकोणीस वर्षांची होती हो ती! जन्मल्यापासून दर रविवारी जांभळाखाली खेळली होती. नियम तिला पाठ होता.

तिनं फाटलेला ओठ पुसला. “नाही बाबा,” ती म्हणाली. “नाही उठला. आठव्यात पडला.”

“मी सांगितलं नव्हतं?” ह्यांचा चेहरा असा फुलला! “दोरीला टेक म्हटलं, टेकला. शहाणा गडी. ऐकणारा गडी आहे तो.” आणि सॅम्युअलच्या पाठीत एक धपका घालून म्हणाले, “हरलास लेका. आज कप तू धुवायचे.”

“धुतो रे,” सॅम्युअल म्हणाला. “धुतो.”

डॉक्टरांनी नंतर त्या आजाराचं मोठं लांबलचक नाव सांगितलं. तरुणपणी डोक्यावर खाल्लेल्या ठोशांमुळे होतं म्हणाले, हळूहळू वाढत जातं. “आधी काहीच लक्षात आलं नाही का?” त्यांनी विचारलं. बाहेर बाकावर सॅम्युअल आणि इस्माईलभाई बसले होते. इस्माईलभाई हातातली टोपी नुसती फिरवत होते.

“वहिनी,” सॅम्युअल म्हणाला, “देवाशपथ सांगतो, आम्हाला कळलंच नाही. आम्हाला वाटायचं, तो जिंकतोय.”

मी तरी दारात उभी राहून हसलेच होते की.

मृदूनं ग्लोव्हज् सोडले नाहीत. आता शेडमध्ये तीच शिकवते, आणि टॉवेल आता खिळ्यावर टांगलेला असतो, कोपऱ्यातल्या कोणीही तो टाकावा. त्या स्पर्धेनंतरच्या रविवारी मला वाटलं, आता कोणी यायचं नाही. पण दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. दोघं आले, जांभळाखाली बसले. वस्तादांनी लुईस घेतला. सॅम्युअलनं कधी फोरमन घेतला, कधी लिस्टन, कधी मार्सियानो. वस्ताद मला कधी ओळखायचे, कधी म्हणायचे, “बाई, चहा छान झालाय हं.” नंतर नंतर फेऱ्यांचे आकडे त्यांना जमेनात, नावं जमेनात, तरी सॅम्युअल डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत राहायचा, आणि शेवटी दरवेळी कुठं ना कुठं अडखळायचा.

सात वर्षं चाललं ते. एवढ्या वर्षांत सॅम्युअल एकदाही जिंकला नाही. दर रविवारी मोरीत उकिडवा बसून कप धुवायचा, आणि तळाला साखर कधी राहिली नाही.